बायसेप्स मागितले, ढेरी मिळाली

‘भावा, तू खातच नाहीस. मग अंगाला लागणार कसं?’

जिममध्ये पहिल्या दिवशी ट्रेनरने मला वरपासून खालपर्यंत बघून टाकलेलं हे पहिलं वाक्य. मी वजनकाट्यावर उभा. आकडा ६१. उंची पाच फूट आठ इंच. अंगातला टी-शर्ट हँगरला लटकवल्यासारखा. त्याचं दुसरं वाक्य तर त्याहून भारी होतं, ‘सहा महिने डोकं लावायचं नाही. बल्क करायचं. दिसेल ते खायचं. चरबीचं टेन्शन नाय, ती नंतर उडवू.’

आता मला सांगा, आयुष्यात कधी कुणी तुम्हाला ‘दिसेल ते खा’ अशी ऑर्डर दिलीय? तीही आपल्याकडूनच फी घेऊन? आपण जाम खूश!

थोडा फ्लॅशबॅक. २००८ च्या डिसेंबरात ‘गजनी’ आला तेव्हा मी शाळेत होतो. आमिर खानचं ते पोट बघून वर्गातल्या निम्म्या पोरांनी मधल्या सुट्टीत बाकांवर पुश-अप्स सुरू केले आणि चार दिवसांत सोडूनही दिले. मी त्यातलाच. पुढे मास कॉमला गेलो. तिथे दोन वर्षांत उचललेलं सगळ्यात जड वजन म्हणजे ट्रायपॉड. शिवाय आमच्या घरात बारीक असणं हा खानदानी दागिना. आजी कौतुकाने सांगायची, ‘आपल्याकडे कुण्णाला म्हणून ढेरी नाही.’ बाबा तर पंचावन्नाव्या वर्षीही ६४ किलो. लग्नातला कोट अजून अंगात बसतो. (या वाक्यात एक लोच्या आहे. पण तो शेवटी.)

तर बल्क. सकाळी उठल्या उठल्या मिक्सरचा घर्रर्र आवाज. अर्धा लिटर दूध, दोन केळी आणि ट्रेनरनेच आणून दिलेल्या मास गेनरचे दोन मोठे स्कूप. वर प्लेटभर पोहे, त्यावर शेव. दुपारी मेसचं पूर्ण ताट, भात दोनदा. संध्याकाळी कामाच्या मध्ये दोन वडापाव. रात्री जिमहून येताना कोपऱ्यावरचा फ्राइड राइस. रविवारी मिसळ, एक्स्ट्रा पावासकट. रूममेट म्हणाला, ‘तू बॉडी बनवतोयस की बोकड कापायच्या आधी खाऊ घालतात तसं चाललंय?’ मी दुर्लक्ष केलं. जळतात लोक.

आणि खरंच, काटा हलला! पाच महिन्यांत ६१ चे ७२. बेंच प्रेस ३५ किलोंवरून ५५ वर. नातेवाइकांच्या लग्नात गेलो तर मावश्यांमध्ये एकमत, ‘छान भरलास हो.’ फोटो आले आणि मी त्यातला एक साइडचा फोटो झूम करून बघितला. छाती होती, नाही असं नाही. पण तिच्या एक वीतभर खाली, तिच्याही पुढे गेलेलं काहीतरी होतं. घरी येऊन टेप लावली. ३० इंची कंबर जवळजवळ ३६ झाली होती.

तरीही मी खूश होतो हो. ‘कट’ करायचंच आहे नंतर, असं म्हणून सोडून दिलं. खरा झटका बाबांच्या ब्लड टेस्टच्या दिवशी बसला. बाबांना चव्वेचाळिसाव्या वर्षापासून डायबिटीस आहे. दर काही महिन्यांनी तपासणी असते. त्या दिवशी लॅबवाल्याने ‘दोघांची केली तर पॅकेजमध्ये बसेल’ म्हटलं, म्हणून मीही हात पुढे केला. संध्याकाळी रिपोर्ट आले. बाबांचं एचबीए१सी नेहमीसारखं. माझं ५.९.

ज्यांना हा आकडा माहीत नाही ते सुखी लोक आहेत. मागच्या दोन-तीन महिन्यांत रक्तातली साखर सरासरी किती होती, हे त्यावरून कळतं. ५.७ च्या खाली नॉर्मल, ६.५ पासून पुढे डायबिटीस. मधला पट्टा म्हणजे प्रीडायबिटीस, आणि मी बरोब्बर त्यात. वय सत्तावीस.

आमचे फॅमिली डॉक्टर मला पाळण्यापासून ओळखतात. रिपोर्ट बघितला, मला उभं केलं, पोटाला टेप लावली आणि म्हणाले, ‘काय रे, बारा किलो चढवलेस?’ मी म्हटलं, ‘अकरा.’ ते म्हणाले, ‘त्यातले मसल किती?’ मला वाटलं, सात-आठ तरी असतील. ते नुसते हसले. मग त्यांनी मला जी गोष्ट सांगितली, ती बल्क करायला निघालेल्या प्रत्येक मराठी पोराला जिमच्या दारात ऐकवली पाहिजे.

२००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या मेडिकल जर्नलमध्ये एक पानभर मजकूर आणि एक फोटो छापून आला होता. फोटोत दोन डॉक्टर शेजारी शेजारी. एक आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. म्हणजे कागदावर दोघंही एकदम फिट. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिनसाहेबांची निघाली ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१.२ टक्के! दोघांच्या आडनावांच्या इंग्रजी आद्याक्षरावरून याला नाव पडलं ‘वाय-वाय पॅराडॉक्स’.

म्हणजे काय, तर आपण भारतीय लोक बारीक दिसत असलो तरी आतून बारीक असतोच असं नाही. हातपाय काडीसारखे, स्नायू कमी आणि जी काही चरबी असते ती पोटात, आतड्या-लिव्हरभोवती. याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या गावांतली नवजात बाळं मोजली, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांशी तुलना केली. आपली बाळं सरासरी २.७ किलोंची, तिथली साडेतीन. पण वजन कमी असूनही आपल्या बाळांनी चरबी मात्र बऱ्यापैकी राखून ठेवलेली. कमी होते ते स्नायू. जन्मतःच आपलं हे असं आहे, बॉस. म्हणूनच पुरुषांच्या कमरेची धोक्याची रेषा आपल्याकडे ९० सेंटिमीटरवर आखलीय, म्हणजे साडेपस्तीस इंच. बायकांसाठी ८०. आणि बीएमआय जगात २५ ला ‘जास्त’ धरतात, आपल्याकडे २३ लाच.

‘आधी चरबी चढवू, नंतर उतरवू’ हा फंडा एखाद्या गोऱ्या पोराला कदाचित परवडत असेल. ज्याचे बाबा चव्वेचाळिसाव्या वर्षी गोळ्या घ्यायला लागले, त्याला नाही परवडत. ट्रेनरला हे माहीत नव्हतं, यात त्याची चूक नाही. त्याने मला विचारलंच नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. आमच्या घरात डायबिटीसला ‘बाबांची साखर’ म्हणतात, जणू काही ती त्यांची एकट्याची आहे.

मग मी जे करतो तेच केलं. पत्रकार आहे ना. एरवी दुसऱ्यांच्या विषयांवर करतो तो रिसर्च स्वतःच्या पोटावर केला.

सगळ्यात पहिला भ्रम फुटला तो ‘जास्त खाल्लं की जास्त मसल’ हा. नॉर्वेमध्ये २०१३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. टॉपच्या खेळाडूंचे दोन गट. ट्रेनिंग सारखंच. एका गटाला आहारतज्ज्ञांनी आखून-मोजून जास्त खायला लावलं, दुसरा गट आपल्या भुकेने जेवला. आठ ते बारा आठवड्यांनी मोजलं. जास्त खाणाऱ्यांची चरबी १५ टक्क्यांनी वाढलेली, भुकेने जेवणाऱ्यांची ३ टक्क्यांनी. आणि स्नायू? दोघांत म्हणावा असा फरकच नाही!

कारण साधं आहे. घर बांधताना गवंडी दिवसाला ठरावीक विटाच रचतो. तुम्ही रोज दोन ट्रक विटा टाकल्या म्हणून तो भिंत लवकर उभी करत नाही, अंगणात ढीग तेवढा वाढतो. माझं अंगण म्हणजे माझं पोट. शरीर रोज नवा स्नायू बांधतं तो अगदी थोडा, आणि त्यासाठी लागणारं जास्तीचं इंधनही थोडंच. दिवसाला दोनशे-अडीचशे कॅलरी पुरतात. म्हणजे एक ग्लास दूध आणि एक केळं. बस्स. मी रोज सात-आठशे चढवत होतो.

वेगाचाही हिशेब आहे. आठवड्याला आपल्या वजनाच्या पाव ते अर्धा टक्का वाढ ठीक मानतात, आणि नवशिक्यांनीच वरच्या आकड्याकडे बघावं. ६१ किलोंच्या माणसाला हे दीडशे ते तीनशे ग्रॅम होतात. महिन्याला जास्तीत जास्त सव्वा किलो. मी महिन्याला दोन किलोंच्या वर चाललो होतो आणि स्वतःलाच टाळ्या देत होतो.

आता प्रोटीन. यातली माझी लाज सांगतो. एवढं हादडूनही माझं दिवसाचं प्रोटीन मोजलं तर जेमतेम ऐंशी ग्रॅम! गेनरचा डबा उलटा करून पहिल्यांदाच मागची बारीक अक्षरं वाचली. शंभर ग्रॅम पावडरीत प्रोटीन १५ ग्रॅम आणि उरलेलं बहुतेक माल्टोडेक्स्ट्रिन. म्हणजे साखरेचाच पातळ नसलेला भाऊ. साडेतीन हजार रुपये किलोने मी साखर पीत होतो.

किती हवं? साध्या निरोगी माणसासाठी आयसीएमआर आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सांगितलेला आकडा आहे किलोमागे ०.८३ ग्रॅम. वजनं उचलणाऱ्यांसाठी तो साधारण दुप्पट होतो. २०१८ मध्ये ४९ प्रयोगांचा एकत्र हिशेब प्रसिद्ध झाला, त्यात किलोमागे १.६ ग्रॅमच्या पुढे सरासरीने फार फायदा दिसला नाही. म्हणजे ६१ किलोंना ९८ ग्रॅम, ६६ किलोंना १०५.

आईला हा आकडा सांगितला. ती म्हणाली, ‘मग वरण खा की! डाळीत सगळं असतं.’ आईशी वाद घालू नये, म्हणून मी गणित घातलं. आमच्याकडचं वरण सरसरीत. एका वाटीत प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. शंभर ग्रॅमसाठी सतरा-अठरा वाट्या. आई म्हणाली, ‘पातेलं काढू का मोठं?’

पण वरणाची थट्टा पुरे, कारण ते वाईट नाही. डाळीत जे अमायनो आम्ल कमी असतं ते भातात असतं, भातात कमी ते डाळीत. वरण-भात ही जोडी कुणीतरी डोकं लावूनच जमवलीय. फक्त मसलसाठी ती एकटी पुरत नाही. जेवण तेच ठेवून आतलं माप बदलावं लागतं. भात अर्धा, वरण घट्ट आणि बाजूला काहीतरी दणकट.

हे दणकट काय, यावर मी खूप वेळ घालवला. अंडं, एकात सहा ग्रॅम. चिकन, कच्चं दीडशे ग्रॅम घेतलं तर तेहतीसच्या आसपास. सुरमई परवडत असेल तर सुरमई, नाहीतर बांगडा. शाकाहारींसाठी सगळ्यात अंडररेटेड हिरो म्हणजे सोयाबीनच्या वड्या. पन्नास ग्रॅम कोरड्या वड्यांत २६ ग्रॅम प्रोटीन आणि कॅलरी दोनशेच्या आत. हॉस्टेलच्या पुलावामुळे त्यांचं नाव खराब झालंय. गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, कांदा-खोबऱ्याच्या वाटणात परतून बघा, मटणाची आठवण येते. (येत नाही, पण जवळ जाते.) पनीर चांगलंच, शंभर ग्रॅममध्ये अठरा-वीस ग्रॅम प्रोटीन, पण तितकीच चरबीही. त्यामुळे पनीरच्या दिवशी तेल हात आखडून.

आणि चक्का! लोक ग्रीक योगर्टचे छोटे डबे महागात घेतात. अहो, आपल्या घरात दही फडक्यात बांधून खुंटीला टांगलं की सकाळी तेच तयार. साध्या दह्याच्या दुपटीहून जास्त प्रोटीन. फक्त त्यात साखर-वेलची घालून श्रीखंड करायचं नाही, इतकाच संयम. मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी. आईला हे बघवत नाही.

शेंगदाण्यांबद्दल मात्र मन कठोर करा. ‘शेंगदाण्यात प्रोटीन असतं’ हे खरं, शंभर ग्रॅममध्ये पंचवीस. पण जवळजवळ अर्धं वजन तेलाचं, आणि कॅलरी साडेपाचशेच्या वर. शेंगदाणा म्हणजे प्रोटीनचा ड्रेस घालून आलेलं तेल. कूट खिचडीत घाला, मुठी मारू नका. फुटाणे त्या मानाने गुणी.

माझा दिवस आता साधारण असा जातो. सकाळी तीन अंड्यांची बुर्जी, एक पोळी, ग्लासभर दूध. ऑफिसात जाणाऱ्यांना डब्यात दोन पोळ्या, मटकीची किंवा चवळीची घट्ट उसळ मोठी वाटी आणि वेगळ्या डबीत चक्का. माझं ऑफिस म्हणजे घरचं टेबल, पण डबा मी तरीही भरतो, नाहीतर दर तासाला फ्रीज उघडला जातो. पाचला फुटाणे आणि ताक. रात्री जिमनंतर भाकरी आणि चिकन किंवा सोया. प्रत्येक वेळी पंचवीस-तीस ग्रॅम पडतील असं बघतो, कारण दिवसभर पोहे-बिस्किटांवर काढून रात्री एकदम सगळं प्रोटीन कोंबण्यापेक्षा तीन-चार वेळा वाटून घेतलेलं बरं. जिममधून बाहेर पडल्यापासून अर्ध्या तासात शेक प्यायलाच हवा, नाहीतर सगळं वाया, असं काही नसतं. दीड-दोन तासांनी घरी जाऊन जेवलात तरी चालतं. स्नायू घड्याळ लावून बसलेले नसतात.

सगळ्यात मोठी चोरी कुठे सापडली माहितेय? चहात. दोन चमचे साखरेचा, दूधवाला एक कप म्हणजे सत्तर-ऐंशी कॅलरी. डेडलाइनच्या दिवशी मी सहा कप पितो. झाल्या की साडेचारशे! माझं अख्खं ‘जास्तीचं’ बजेट, तेही दुप्पट, टपरीवर उडत होतं आणि त्यात प्रोटीन नावालाही नव्हतं. आता दोन कप, साखर अर्धा चमचा. पहिला आठवडा नरक होता. फ्रायडे नाइटचंही तेच. साडेसहाशे मिलीची एक बिअर अडीचशे-तीनशे कॅलरी, वर चकण्याची मसाला पापड-चकली वेगळीच. मी सोडली नाहीये, खोटं कशाला बोलू? महिन्यातून दोनदा, एकच बाटली, आणि जेवून मग.

कोल्हापूरच्या काकांना हा सगळा प्रकार म्हणजे पोरखेळ वाटतो. त्यांचं म्हणणं, ‘गंगावेस तालमीतल्या पैलवानाचा खुराक बघ जरा. बदामाची थंडाई, शेरभर दूध, तूप, मटण. त्यांना येतंय का पोट?’ मुद्दा बरोबर आहे आणि अर्धवटही. पैलवान पहाटे उठून शेकड्यांनी जोर-बैठका मारतो, मग लाल मातीत लढत करतो, संध्याकाळी पुन्हा तेच. त्याच्या शरीरात खुराक जळायला भट्टी आहे. मी दिवसातले नऊ तास खुर्चीवर आणि एक तास जिममध्ये, त्यातली पंधरा मिनिटं आरशासमोर. तालीम सुटली आणि खुराक सुटला नाही तर पैलवानाचं काय होतं, हे कोल्हापुरातच बघायला मिळतं. आणि काका, १९५२ मध्ये हेलसिंकीला ऑलिम्पिक ब्राँझ आणणारे खाशाबा जाधव ५७ किलोंच्या गटात लढले होते. काका यावर म्हणाले, ‘ते वेगळं.’

खुराकाच्या गोष्टीत एक सत्य मात्र आहे. वजनं वाढवत नेली नाहीत तर कितीही मोजून खा, उपयोग शून्य. डायरीत लिहून ठेवा, मागच्या आठवड्यात किती उचललं. या आठवड्यात एक रेप तरी जास्त. आणि झोप. रात्री दोनपर्यंत कॉपी फाइल करणाऱ्या माणसाने हे सांगू नये, पण मी आता बारा वाजता लॅपटॉप मिटतो. दोन एडिटर नाराज आहेत.

पावडरींबद्दल फार विचारणा होते म्हणून थोडक्यात. व्हे प्रोटीन हे दुधाचंच आहे, जादू नाही, विषही नाही. जेवणातून आकडा भरला तर गरज नाही, नाही भरला तर एक स्कूप. पण डबा डोळे मिटून घेऊ नका. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तपासणीत भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन पावडरी तपासल्या होत्या. त्यातल्या सुमारे ७० टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आतल्या मालाशी जुळत नव्हता. क्रिएटिन मात्र कामाचं, रोज तीन ते पाच ग्रॅम. सुरुवातीला त्याने स्नायूंत पाणी धरतं आणि वजन किलोभर वाढतं, त्याला मसल समजून पेढे वाटू नका. किडनीचा त्रास असेल, किंवा घरात डायबिटीस-बीपी असेल, तर हे सगळं सुरू करण्याआधी एकदा रक्त तपासून घ्या. माझ्यासारखं नंतर नको.

आणि मुलींनो, ‘मी प्रोटीन खाल्लं तर बल्की दिसेन’ हे डोक्यातून काढा. माझ्यासारख्या पुरुषाला वर्षभर घाम गाळून बाहीत जेमतेम दंड दिसायला लागले. तुम्ही एका अंड्याने बल्की होणार नाही.

माझं काय झालं? आधी चार महिने मी खाली आलो. उपाशी राहून नाही. प्रोटीन तेच, वजनं उचलणं तेच, फक्त गेनर, फ्राइड राइस आणि चहा कमी. ७२ चे ६६. कंबर ३३. नवल म्हणजे बेंच प्रेस कमी झाला नाही, उलट अडीच किलोंनी वाढला. मग तिथून पुन्हा वर, यावेळी गोगलगायीच्या गतीने. रोज सकाळी वजन, पण बघायची ती सात दिवसांची सरासरी, कारण एका दिवसाचा काटा आदल्या रात्रीच्या लोणच्यावरही नाचतो. आणि आठवड्यातून एकदा बेंबीवरून टेप. महिन्यात वजन किलोच्या वर गेलं आणि टेपही सरकली तर रात्रीची एक भाकरी कमी. दोन आठवडे काटा हललाच नाही तर एक केळं जास्त. पाच महिन्यांत ६६ चे ६९ झाले, कंबर पाव इंचाने वाढली. एचबीए१सी ५.५. मावश्या आता म्हणतात, ‘पुन्हा वाळलास की रे!’ आठ किलो जास्त आहे मी, मावशी, पहिल्यापेक्षा.

आता तो लोच्या. बाबांच्या लग्नातल्या कोटाचा. एका गुरुवारी, म्हणजे माझ्या टेपच्या दिवशी, मी घरी होतो. बाबा पेपर वाचत बसले होते. सहज म्हटलं, ‘तुमची पण घेऊ का?’ ते म्हणाले, ‘माझी काय घ्यायचीय? मी आहेच बारीक.’ तरी उभे राहिले. ६४ किलोंच्या माणसाची कंबर साडेछत्तीस इंच निघाली. मग आईने कपाटातून तो कोट काढला. अंगात बसतो, अगदी बरोबर. खांदे, बाह्या, सगळं. फक्त पुढचं बटण कित्येक वर्षांत कुणी लावूनच बघितलं नव्हतं.

बाबा काही बोलले नाहीत. पुढच्या तपासणीला स्वतःहून डॉक्टरांना विचारून आले, ‘या वयात वजनं उचललेली चालतात का?’ डॉक्टर म्हणाले, ‘चालतात काय, उचलाच. स्नायूच साखर ओढून घेतात. फक्त पोरासारखा शहाणपणा करू नका.’ आता सकाळी गॅलरीत दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन बाबांच्या बैठका चालतात. वीस झाल्या की आईला ओरडून सांगतात. आई दोन डबे बांधते, दोन्हींत चक्का, आणि स्वतःच्या वाटीत मात्र अजूनही चोरून साखर घालते.

मागच्या गुरुवारी पुन्हा टेप घेतली. बाबा, ३५ पूर्णांक तीन चतुर्थांश. त्यांनी श्वास आत ओढून धरला होता, मला दिसत होतं. मी तेवढाच आकडा लिहून घेतला.